नकाशातली दारं

धान घरी आलं, मंडईच्या जत्रेचे पाहुणे आपापल्या गावाला परतले, की भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीच्या आसपास घरांची कामं निघतात. कुणाच्या ना कुणाच्या दारात रेती-गिट्टीचे ढीग दिसू लागतात, मिस्त्री ठरतो, आणि मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे अशी घाई सुरू होते. या घाईत सगळ्यात कमी वेळ मिळतो तो नकाशाला. तो कधी तुमसरहून काढून आणलेला असतो, कधी नात्यातल्या कुणाच्या घराचा असतो, आणि अलीकडे बरेचदा मोबाइलवर सापडलेला असतो. कुठल्या गावच्या, कुठल्या दिशेच्या प्लॉटसाठी तो काढला होता याचा पत्ता नसतो. त्यावर घरात चर्चा होते ती खोल्यांची. बेडरूम किती, हॉल केवढा, देवघर कुठे.

मला विचाराल तर नकाशा हातात आल्यावर आधी दारं मोजावीत. खोली केवढी आहे हे फुटांत लिहिलेलं असतं, पण ती वापरायला केवढी उरणार हे तिची दारं ठरवतात. चार दारांची पंधरा फुटी खोली आणि दोन दारांची बारा फुटी खोली यांत मोठी कोणती, याचं उत्तर खाट टाकायला गेल्यावरच कळतं. नवं घर सुधारायचं म्हणजे ते वाढवायचं, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा काम भागतं ते दारं हलवून, एखादी पडदी सरकवून आणि एका खोलीची दिशा बदलून.

एक नमुना घेऊ. हे घर कुणा एकाचं नाही. या भागात रस्त्यालगत जी नवी स्लॅबची घरं उभी राहतात त्यांचा हा सर्वसाधारण साचा आहे. प्लॉट ३४ फूट रुंद आणि ६० फूट खोल, रस्ता पश्चिमेला. घर २६ बाय ३६ फुटांचं, म्हणजे ९३६ चौरस फूट. दोन्ही बाजूंना चार-चार फूट मोकळे, पुढे आठ आणि मागे सांदवाडीला सोळा. राहणार सहा जण: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन शिकणारी नातवंडं.

नकाशा असा. पुढे उत्तरेच्या अंगाला १५ बाय १२ चा हॉल, शेजारी नैर्ऋत्येला ११ बाय १२ ची मोठी बेडरूम. हॉलमधून सरळ मागच्या दारापर्यंत चार फुटांचा पॅसेज, लांबी २४ फूट. पॅसेजच्या उत्तरेला एकामागे एक दोन खोल्या, त्यांतली मागची, ईशान्येची, आजी-आजोबांची. दक्षिणेला आधी संडास-बाथरूम आणि कोठीची खोली, मग आग्नेयेला स्वयंपाकघर. जिना बाहेरून, पुढच्या बाजूला. कागदावर हे छान दिसतं. सगळं सरळ रेषेत, वास्तूच्या हिशेबातही बसलेलं.

आता दारं मोजू. हॉलला एक मुख्य दार, एक मोठ्या बेडरूमचं, एक मधल्या बेडरूमचं आणि चौथं पॅसेजचं तोंड. चार भिंतींपैकी जिच्यात दाराचा खंड नाही अशी भिंत फक्त उत्तरेची, आणि तिच्यात खिडकी. सोफा कुठे टाकाल? जिथे टाकाल तिथून कुणीतरी जात-येत राहणार, कारण मुख्य दारातून पॅसेजकडे जाणारी पायवाट बैठक कापूनच जाते. तीन फूट रुंद आणि बारा फूट लांब वाट धरली तर ३६ चौरस फूट तिथेच गेले, हॉलचा पाचवा हिस्सा.

दाराची भिंतीतली जागाही तितकीच महत्त्वाची. बारा फुटांची भिंत घ्या. चौकटीसकट साडेतीन फुटांचं दार बरोबर मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना उरतात सव्वाचार-सव्वाचार फूट. सव्वासहा फुटांची खाट कुठेच बसत नाही. तेच दार कोपऱ्यापासून सहा इंच सोडून लावा; दुसऱ्या बाजूला सलग आठ फूट मिळतात, खाट टाकून वर एक लहान कपाटही मावतं. खर्च एका रुपयाचा नाही. तरी मिस्त्रीला सांगितलं नाही तर दार मधोमधच लागतं, कारण मधोमध लावलेलं दिसायला बरं दिसतं. सहा इंच मात्र सोडायचेच. नाहीतर पल्ला भिंतीला आपटतो आणि मागे खुंटी मारायलाही जागा राहत नाही.

पॅसेजकडे वळू. चार गुणिले चोवीस म्हणजे ९६ चौरस फूट. घराचा दहावा हिस्सा फक्त चालण्यासाठी. पाया, भिंती, स्लॅब, फरशी, सगळं त्याच भावानं. आणि उजेड येणार कुठून? मागच्या दारातून. रात्री आणि पावसाळ्यात ते लावलेलं, म्हणजे भर दिवसा बल्ब. जुन्या कवेलूच्या घरात पॅसेज असा नव्हताच. पुढे सपरी, मध्ये माजघर, मागे चूल, आणि एका खोलीतून दुसरीत जायची वाट माजघरातून. माजघर हीच वाट, तीच बसायची, निवडटिपण करायची, रात्री अंथरूण टाकायची जागा. नव्या घरात आपण माजघर काढून त्याची बोळ केली.

ती परत उघडायची कशी, ते पाहा. कोठी आणि संडास-बाथरूमच्या पट्ट्याची रुंदी ११ फूट होती, ती सात करायची. वाचलेले चार फूट आणि पॅसेजचे चार फूट मिळून मधोमध ८ बाय १२ ची खोली होते. पॅसेजच्या उरलेल्या बारा फुटांपैकी चार आजी-आजोबांच्या दारासाठी राखायचे, शेवटचे आठ स्वयंपाकघराला जोडायचे. तिथे जेवायची पंगत बसते आणि मागचं दारही तिथूनच. गंमत म्हणजे यात एकही कॉलम हलवावा लागत नाही. मूळ कॉलम १२-१२ फुटांच्या ओळींवर आहेत आणि नव्या मांडणीतही ते भिंतीतच लपतात. माजघराच्या छतात एक बीम दिसेल, एवढंच. बीम दिसला की घरातले लोक कुरकुरतात, हे खरं. चोवीस फुटांची अंधारी बोळ दिसली की कुणी कुरकुरत नाही, हेही खरं.

माजघराला बाहेरची भिंत नाही, म्हणून उजेड वरून घ्यायचा. कवेलूच्या छपरात मध्येच काचेचं कवेलू बसवत, तसा इथे स्लॅबमध्ये दोन बाय तीन फुटांचा झरोका. त्याच्या चारही बाजूंनी स्लॅबच्या वर नऊ इंच कठडा उचलायचा, त्यावर बाजूंनी जाळी आणि माथ्यावर काच किंवा पारदर्शक पत्रा. काच कठड्याच्या बाहेर सहा इंच आली पाहिजे, नाहीतर पावसाचा फवारा आत येतो; भंडारा जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच्याशी खेळ नको. बाजूच्या जाळीतून तापलेली हवा वर निघून जाते, हा दुसरा फायदा, आणि मला तो पहिल्याहून मोठा वाटतो. एक गोष्ट मात्र सेंट्रिंग ठोकण्याआधी ठरवायची. स्लॅब भरताना भोक सोडलं तर सळ्या त्याभोवती वळवून बांधता येतात. नंतर फोडलं तर त्या कापाव्या लागतात.

हे सगळं झालं तरी घर एप्रिल-मेमध्ये तापणार आहे, कारण त्याचं तोंड पश्चिमेला आहे. इथे सूर्याचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. नाकाडोंगरी साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर येते, कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र तो दुपारी दक्षिणेकडे कलून जमिनीपासून अवघ्या ४५ अंशांवर असतो. याचा अर्थ असा की मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. मार बसतो स्लॅबला आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला. नऊ इंची विटांची भिंत दुपारी खाल्लेलं ऊन सहा-सात तासांनी आत सोडते. म्हणजे बरोबर निजायच्या वेळेला.

आणि त्याच कोपऱ्यात, नैर्ऋत्येला, आपण घरातली मुख्य बेडरूम ठेवली आहे. वास्तुशास्त्राच्या नावावर हा नियम सगळीकडे सांगितला जातो, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तो पाळणारी माणसं मे महिन्यात ती बेडरूम सोडून हॉलमध्ये कुलरपुढे किंवा सरळ गच्चीवर झोपतात. आग्नेयेच्या स्वयंपाकघराबद्दल माझी तक्रार नाही. पश्चिमेकडून वारा येत असताना धूर घराबाहेर, पूर्वेकडे जातो. त्यात व्यवहार आहे. देवघर ईशान्येला हवं असेल तर जरूर ठेवा, सकाळचं ऊन कुणाला नको असतं? पण झोपायची खोली कुठे असावी हे एप्रिलच्या रात्रीला विचारावं.

नैर्ऋत्येचा तापणारा कोपरा अशा गोष्टींना द्यायचा ज्यांना ताप लागत नाही. पहिली गोष्ट जिना. दहा फूट उंची चढायला अठरा पायऱ्या धरल्या तर प्रत्येकीची उंची पावणेसात इंचांच्या आत येते. चालायच्या पायऱ्या सतरा, प्रत्येकी दहा इंच रुंद. लांबी १४ फूट २ इंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच आणि निदान २५ सेंटिमीटर रुंद असावी असं आहे, त्यात हे आरामात बसतं आणि आजीच्या गुडघ्यांनाही झेपतं. हा जिना पश्चिमेच्या भिंतीला समांतर, दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे उतरता ठेवायचा. भिंतीसकट चार फुटांचा हा पट्टा खोलीवर येणारं ऊन स्वतः झेलतो. जिन्याखाली फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, कुदळ-फावडं. त्याच्या मागे जी खोली उरते ती ११ बाय ८ ची, ८८ चौरस फूट. लहान आहे, पण दोन खोल्यांच्या घरात दुसरी खोली निदान साडेसात चौरस मीटर, म्हणजे साधारण ८१ चौरस फूट असावी, या संहितेच्या अपेक्षेत बसते. ती मुलांच्या अभ्यासाला. मुलगा-सून उत्तरेच्या मधल्या खोलीत.

मोठी बेडरूम गेली म्हणून घरात नाराजी होईल. होऊ द्यावी. ती खोली वर्षातले तीन महिने तशीही कुणाला नको असते.

दक्षिणेच्या उन्हाची आणखी एक गोष्ट, कारण इंजिनिअरकडे गेलात तर दोन फुटी छज्ज्याचं कौतुक हमखास ऐकाल. ते कौतुक खरं आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखी असताना, दक्षिणेच्या खिडकीवरच्या दोन फुटी छज्ज्याची सावली पाच फूट खाली उतरते आणि चार फुटांची खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरमध्ये तीच सावली दोन फुटांवर थांबते आणि अर्धी खिडकी उन्हात येते. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊब, फुकटात. पण आपल्या प्लॉटवर दक्षिणेला चार फुटांवर शेजाऱ्याची हद्द आहे. तिथे दहा फूट उंच भिंत असेल तर डिसेंबरच्या दुपारी तिची सावली आपल्या भिंतीवर जमिनीपासून सहा फुटांपर्यंत चढते. जोतं दीड फूट धरलं तर घराच्या फरशीपासून साडेचार फूट. खिडकीचा माथा सात फुटांवर. वरून छज्जा दोन फूट झाकतो, म्हणजे पाच फुटांपर्यंत. उन्हाला मोकळी राहिली साडेचार ते पाच फुटांमधली अर्ध्या फुटाची पट्टी! पुस्तकातला नियम चुकीचा नाही, त्यात शेजारी नव्हता. म्हणून हिवाळ्याच्या उन्हाची आशा बाजूच्या खिडक्यांकडून ठेवू नये. ते मिळेल मागे, सांदवाडीच्या सोळा फुटांतून, पूर्वेच्या खिडकीत. आजी-आजोबांची खोली ईशान्येला आहे ती म्हणूनच तिथेच राहू द्यायची. उन्हाळ्यात दुपारनंतर ती सावलीत, थंडीत सकाळी उन्हात.

आता कुलर. पूर्व विदर्भात घराचा नकाशा काढायचा आणि त्यात कुलर दाखवायचा नाही, हे मला कधीच समजलेलं नाही. पंखा कुठे लागेल, टीव्ही कुठे, हे सांगितलेलं असतं. आणि मार्चअखेर लोखंडी स्टँडवरचा कुलर जिथे खिडकी सापडेल तिथे टांगला जातो. बहुधा पुढच्याच, म्हणजे पश्चिमेच्या. कुलरचं काम सोपं आहे. बाहेरची कोरडी तापलेली हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढायची; पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. पण आत आलेली हवा ओली असते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकटतं, आणि मग कुलरला शिव्या बसतात. आत येणाऱ्या हवेइतकीच बाहेर जाणारी वाट उघडी हवी. जूनमध्ये ढग आले की हवाच ओली असते, तेव्हा वाट असूनही तो फारसं काही करू शकत नाही, तो भाग वेगळा.

आपल्या घरात कुलरची जागा बैठकीच्या उत्तरेच्या खिडकीत. बाजूच्या चार फुटांत स्टँड मावतो. हवा बैठकीतून माजघरात, तिथून निम्मी झरोक्यातून वर आणि निम्मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे. दारं हलवताना हे लक्षात ठेवायचं: बैठकीचं माजघराकडचं तोंड कुलरच्या अगदी शेजारी आलं तर हवा बैठकीत फिरायच्या आधीच निघून जाईल. ते दुसऱ्या टोकाला असलं पाहिजे. खिडकीशेजारी बाहेरून एक नळ आणि आतून एक प्लगचा पॉइंट, भिंतीला प्लास्टर होण्याआधी. नाहीतर पुढची वीस वर्षं कुणीतरी रोज बादली उचलणार, आणि ती बहुधा सूनबाई असणार. आणखी एक बारकावा: मेच्या उत्तरार्धात दुपारी दोननंतर सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तरेची भिंत समजतो तेवढी सावलीत नसते. कुलरवर बांबूचा तट्टा टाकायची सोय ठेवावी.

स्वयंपाकघर आता ११ बाय १२ आणि वर चार बाय आठ इतकं झालं. पण तिथला प्रश्न फुटांचा नाही. गॅस आला तरी चूल गेलेली नाही. पाणी तापवायला, धान उकडायला, मंडईच्या दिवसांत वीस पानांचा स्वयंपाक रांधायला ती पेटतेच. ती बाहेर हवी आणि तिच्यावर छप्पर हवं. मागच्या दाराबाहेर सहा फुटांची पडवी काढली की चूल, भांडी घासायचा ओटा आणि शेतातून आल्यावर पाय धुवायचा नळ, तिन्ही एका ओळीत येतात. चिखलाचे पाय घेऊन पुढून आत यायला नको. बाजूच्या चार फुटांतून सरळ मागे जावं, पाय धुवावेत, मग आत. म्हणून ती चार फुटांची वाट कुलरच्या बाजूला नाही, दक्षिणेला मोकळी ठेवायची.

पाण्याची सगळी कामं जवळ-जवळ असली की पाइप कमी लागतो आणि गळकी जागा शोधायला फार फिरावं लागत नाही. संडास-बाथरूम म्हणूनच स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आलं. पूर्वी ते मोठ्या बेडरूमला जोडलेलं होतं, म्हणजे आजोबांना रात्री उठल्यावर मुला-सुनेची खोली ओलांडावी लागली असती. असा नकाशा कसा काढला गेला हे विचारू नका. शहरातल्या फ्लॅटमध्ये दोन संडास असतात, त्यांतला एक कापून इथे एकच उरवला की असंच होतं. आता दार माजघराकडून, मध्ये हात धुवायच्या बेसिनचा आडोसा ठेवून. दाराची रुंदी अडीच नाही, तीन फूट. आणि पल्ला बाहेर उघडणारा. आत कुणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरून ढकलताही येत नाही.

घरात संडास असूनही सांदवाडीत वेगळा बांधायचा आग्रह काही जुनी माणसं धरतात. त्यांच्याशी वाद घालावा असं नाही, पण नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्राचं ठिकाण आहे, जंगल लांब नाही, आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन अंगण ओलांडायची वेळ म्हाताऱ्या माणसावर आणू नये. खड्डे मात्र मागेच. दोन शोषखड्डे घ्यायचे, एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिल्यातल्या मैल्याचं वर्षभरात, फार तर दोन वर्षांत कोरडं खत होतं. बोअर किंवा विहिरीपासून ते निदान दहा मीटर दूर असले पाहिजेत. आपल्या प्लॉटवर बोअर पुढे रस्त्याकडे आणि खड्डे मागे, असं केलं की अंतराची चिंता मिटते. उलटं केलं आणि शेजाऱ्याची विहीर मागे असली तर भांडणाचीही सोय होते.

कोठी मला पाच बाय सात पुरेशी वाटते, पण घरचं धान किती येतं त्यावर ते अवलंबून. पोती भिंतीला टेकवून ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर. त्या हिशेबानं जागा मोजा. ती कोठी संडासाच्या ओल्या भिंतीला लागून नको. मध्ये बेसिनचा आडोसा आला की झालं.

घरातलं कुणी डोंगरी बुजुर्गच्या किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत पाळीवर जात असेल तर आणखी एक विचार. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. त्याला हवी ती खोली थंड, अंधारी आणि पुढच्या वर्दळीपासून लांब. उत्तरेची मधली खोली अशी आहे, पण तिचं बैठकीतलं दार बुजवून ते माजघराकडे वळवलं तरच. म्हणजे बैठकीची दारंही चारावरून तीनवर आली: मुख्य, अभ्यासाच्या खोलीचं आणि माजघराचं.

असा विचार आपल्याकडे नवा नाही. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी १९३० च्या दशकात हिंदुस्थानच्या हवामानाला साजेशा घरांवर इंग्रजीत पुस्तकंच लिहिली. ‘रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टू इंडिया’ १९३१ चं, ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ त्यानंतरचं. कोणती खोली कोणत्या दिशेला, कोणती कोणत्या खोलीशेजारी, ये-जा कुठून, आडोसा कसा, हे स्थापत्य पदविकेच्या विद्यार्थ्याला आजही पहिल्या धड्यांत शिकवतात. पास झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, ‘तीन बेडरूम बसवा’, आणि तो बसवतो.

घरकुलाच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला हे ९३६ फुटांचं पुराण ऐकवणं म्हणजे चेष्टा वाटेल. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाच्या जागेसकट, म्हणजे २६९ चौरस फूट. आणि सपाट भागासाठी मदत १ लाख २० हजार रुपयांची ठरली होती. तिथे दोन खोल्यांपलीकडे काय हलवणार? एक गोष्ट हलवता येते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: घराची जागा. घरकुल बहुतेक वेळा प्लॉटच्या मधोमध उभं राहतं, सगळीकडून सारखी जागा सोडून. पाच-सात वर्षांनी दोन पैसे आले की वाढवायला ना पुढे नीट जागा, ना मागे. तेच घर मागे एका कडेला सरकवून, पुढे वाढणाऱ्या खोल्यांचा नकाशा आजच काढून ठेवला तर २६९ फुटांचं घरकुल म्हणजे उद्याच्या घराचं स्वयंपाकघर आणि एक खोली होतं. ज्या भिंतीला पुढची खोली जोडायची तिथे एकाआड एक वीट बाहेर काढून दाते सोडावेत आणि जिथे दार येणार तिथे वर आत्ताच लिंटेल टाकून खाली खिडकी बसवावी. पुढे खिडकीखालची वीट काढली की दार तयार.

कागदावर सगळं पटलं की जोत्याची फक्की मारून घ्यावी, पण त्याच दिवशी खड्डे खोदू नयेत. आधी प्लॉट टेपनं मोजावा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर लिहिलेले फूट आणि जागेवरचे फूट यांत कधी कधी एखाद्या पडवीइतका फरक निघतो. कोपरा काटकोनात आहे का ते मिस्त्री सहा-आठ-दहाच्या दोरीनं पाहतोच: एका बाजूला सहा फूट, दुसरीला आठ, तर तिरपी दोरी बरोबर दहा भरली पाहिजे. मग फक्कीच्या आत घरची खाट आणून टाकावी. दार उघडेल तेवढ्या अर्धवर्तुळात राख पसरावी. आजीला म्हणावं, इथून उठून संडासापर्यंत चालून दाखव. रिकाम्या जमिनीवर आखलेल्या खोल्या नेहमी लहान दिसतात, त्यानं घाबरून कुणी लगेच दोन फूट वाढवायला लागलं तर त्याला थांबवायचं. भिंती उभ्या राहिल्या की त्याच खोल्या बऱ्या वाटतात. पण राख खाटेवर आली, तर फक्की पुसून दार तिथल्या तिथे हलवायचं. फुटिंगचे खड्डे मारायला जेसीबी येण्याआधी एवढी एक संध्याकाळ मिळाली तरी पुरे.